वीर कोणाला म्हणावे आणि जाहीर सन्मान कोणाचा करावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्याला वीर ठरवणे आणि त्याचा जाहीर सन्मान करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयावरचे बरेचसे वाद त्या एकच मानल्यामुळे उद्भवतात. पहिलीचा संबंध त्या माणसाने काय केले याच्याशी असतो, तर दुसरीचा संबंध सन्मान करणाऱ्यांना पुढच्या पिढीसमोर काय ठेवायचे आहे याच्याशी असतो. पुढील उत्तरे निवड समित्यांवर काम करणारे, शिफारशी लिहिणारे आणि एखाद्या सन्मानाबद्दल मनात शंका आलेले वाचक यांच्यासाठी आहेत. वीरत्व कृत्यात असते, म्हणून सन्मानही शक्यतो कृत्याचाच करावा, ही या उत्तरांमागची भूमिका आहे.

वीर, नायक आणि हिरो हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का?

नाहीत, आणि त्यांची सरमिसळ झाल्याने विचारातही गोंधळ होतो. ‘नायक’ हा मुळात नाट्यशास्त्रातला शब्द आहे. कथेला पुढे नेणारे मध्यवर्ती पात्र ते नायक. तो धीरोदात्त असू शकतो, धीरललित, धीरप्रशांत किंवा धीरोद्धतही असू शकतो. म्हणजे उद्धट आणि कपटी पात्रही शास्त्राप्रमाणे नायक ठरू शकते. प्राचीन ग्रीक भाषेतला जो शब्द आपल्याकडे ‘हिरो’ होऊन पोहोचला, त्यालाही सुरुवातीला नैतिकतेची अट नव्हती. ज्याच्या थडग्यापाशी लोक पूजा करीत आणि ज्याच्या कोपाला भीत, असा सामर्थ्यवान मृत पुरुष म्हणजे त्यांचा हिरो होता. तो सज्जन असलाच पाहिजे, असे कोणाचे म्हणणे नव्हते.

‘वीर’ या शब्दामागची परंपरा मात्र अधिक उपयोगी आहे. साहित्यशास्त्रात वीररसाचा स्थायिभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, ‘उत्साह’ मानलेला आहे, क्रोध नव्हे. क्रोध हा रौद्ररसाचा स्थायिभाव. पुढे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वीराचे चार प्रकार सांगितले: दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर. रणांगणावर न गेलेल्या माणसालाही वीर म्हणता येते आणि शौर्याचे माप शत्रूच्या संख्येवर ठरत नाही, ही गोष्ट या जुन्या वर्गीकरणाने केव्हाच मान्य केली होती. आजच्या चर्चेत ती नवी म्हणून मांडली जाते, तेव्हा थोडे हसू येते.

एखाद्या कृत्याला वीरकृत्य म्हणण्यासाठी किमान काय असावे लागते?

तीन गोष्टी पाहाव्यात. कृत्य करणाऱ्यापुढे ते न करण्याचा मार्ग खुला होता का? ते केल्याने त्याचे काही मोलाचे जाण्याचा खरा संभव होता का? आणि ते त्याने प्रामुख्याने दुसऱ्यासाठी केले का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी आली, तर तो शब्द वापरायला संकोच करण्याचे कारण उरत नाही.

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टन शहरात एक प्रवासी विमान उड्डाणानंतर लगेचच पुलाला धडकून गोठलेल्या पोटोमॅक नदीत कोसळले. पाण्यात जिवंत उरलेल्या सहा जणांसाठी हेलिकॉप्टरमधून दोर सोडण्यात आला. त्यांच्यापैकी आर्लंड विल्यम्स यांनी हाती आलेला दोर स्वतःसाठी न वापरता इतरांकडे दिला. उरलेले पाच जण वाचले, आणि हेलिकॉप्टर पुन्हा परतले तेव्हा विल्यम्स बुडालेले होते. ते नेमके कोण होते हे लगेच कळलेही नाही. वर सांगितलेल्या तिन्ही कसोट्या या प्रसंगात इतक्या स्पष्टपणे दिसतात की त्यावर भाष्याची गरज नाही. त्याच दिवशी काठावर जमलेल्या बघ्यांपैकी लेनी स्कटनिक या सरकारी कर्मचाऱ्याने बर्फाळ पाण्यात उडी घेऊन एका प्रवासी स्त्रीला बाहेर काढले. त्यांचे प्राण वाचले म्हणून त्यांचे कृत्य कमी ठरत नाही. कृत्याच्या क्षणी धोका किती होता एवढेच पाहायचे असते, शेवटी काय घडले ते नव्हे.

विचार न करता, क्षणार्धात केलेल्या कृत्याला ‘निवड’ कसे म्हणायचे, असा प्रश्न येथे येतो. दुसऱ्याचा जीव वाचवल्याबद्दल अमेरिकेत दिले जाणारे कार्नेगी पदक मिळालेल्या लोकांच्या मुलाखतींचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना असे आढळले की बहुतेकांनी आपण आधी धावलो आणि विचार नंतर केला, असेच सांगितले आहे. माझ्या मते यामुळे त्यांचे श्रेय कमी होत नाही. ज्याला क्षणभरही हिशेब करावा लागत नाही, त्याचा हिशेब त्याच्या आजवरच्या सवयींनी आधीच करून ठेवलेला असतो.

जो केवळ आपले कर्तव्य बजावतो, त्याला वीर म्हणावे का?

हा सर्वात जास्त विचारला जाणारा आणि सर्वात अवघड प्रश्न आहे. अग्निशमन दलाचा जवान आगीत शिरतो, परिचारिका संसर्गजन्य रोग्याची शुश्रूषा करते, सैनिक सीमेवर उभा राहतो. धोका पत्करण्याचे वचन त्यांनी आधीच दिलेले असते. वचन पाळणाऱ्याचा आदर व्हावा, पण प्रत्येक वचनपूर्तीला वीरत्व म्हटले तर वचनापलीकडे जाणाऱ्यांसाठी शब्दच उरत नाही.

हे पदक देणाऱ्या कार्नेगी हिरो फंडाने या बाबतीत काटेकोर रेषा आखली आहे. जानेवारी १९०४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हार्विक कोळसा खाणीत स्फोट होऊन सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांच्या सुटकेसाठी आत गेलेल्या दोघांचाही अंत झाला. त्या घटनेने हेलावलेल्या अँड्र्यू कार्नेगी यांनी त्याच वर्षी पन्नास लाख डॉलरचा निधी उभा केला. जीव वाचवणे हा ज्यांच्या नोकरीचाच भाग आहे अशांना हे पदक सामान्यतः मिळत नाही; त्यांनी कर्तव्याची मर्यादा उघडपणे ओलांडली असेल तरच विचार होतो. सैन्यातील व्यक्तींसाठी स्वतंत्र पदके असल्याने त्यांना या योजनेतून वगळले आहे.

ही रेषा व्यवहारात कशी लावायची, हे दोन विमानप्रसंगांवरून समजते. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराची विमानतळावर अपहरणकर्त्यांनी पॅन ॲमचे विमान ताब्यात घेतले, तेव्हा नीरजा भनोत या त्या विमानातील कर्मचाऱ्यांच्या प्रमुख होत्या. प्रवाशांची काळजी घेणे हे त्यांचे काम होतेच. परंतु गोळीबार सुरू झाल्यावर आधी स्वतः बाहेर पडणे शक्य असूनही प्रवाशांना बाहेर काढत राहणे आणि त्यातच प्राण गमावणे, हे कोणत्याही नोकरीच्या करारात लिहिलेले नसते. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. दुसरा प्रसंग १५ जानेवारी २००९ चा आहे. दोन्ही इंजिने बंद पडलेले विमान कॅप्टन सलनबर्गर यांनी न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवले आणि विमानातील सर्व १५५ जण वाचले. विमान सुखरूप उतरवणे हे असामान्य कौशल्य होते, पण त्यात त्यांचा स्वतःचाही जीव अडकलेला होता आणि दुसरा पर्याय नव्हता. विमान पाण्यात उतरल्यानंतर, आत पाणी चढत असताना, कोणी मागे राहिले नाही ना हे पाहण्यासाठी ते रिकाम्या विमानातून शेवटपर्यंत फिरून आले. मला विचाराल तर ‘वीर’ हा शब्द त्या फेरीसाठी राखून ठेवावा आणि उतरवण्याला निष्णातपणा म्हणावे. निष्णातपणा हा काही दुय्यम गुण नाही.

कर्तव्याच्या उलट दिशेने जाणारी उदाहरणेही लक्षात घ्यावीत. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांच्यासमोरच्या यंत्रणेने अमेरिकेकडून क्षेपणास्त्रे सुटल्याचा इशारा दिला. इशारा खरा मानून तो वर कळवणे हे नियमाला धरून झाले असते. त्यांनी तो खोटा असल्याचा निष्कर्ष काढला आणि तसेच कळवले. तो बरोबर निघाला. बक्षीस तर मिळाले नाहीच, उलट नोंदवही नीट न ठेवल्याबद्दल बोलणी मात्र बसली. पुढे जगाने त्यांची दखल घेतली तेव्हाही, आपण आपले काम केले एवढेच ते सांगत राहिले.

जिवाला धोका नसेल, तर त्याला वीरकृत्य म्हणता येईल का?

येईल. माणसाजवळ जिवाखेरीजही गमावण्यासारखे बरेच काही असते: नोकरी, प्रतिष्ठा, आपल्याच लोकांमधले स्थान. जपानचे राजनैतिक अधिकारी चिउने सुगिहारा यांनी १९४० मध्ये लिथुआनियातील काउनास येथे, वरिष्ठांच्या सूचना डावलून, ज्यू निर्वासितांना हजारो व्हिसा हाताने लिहून दिले. युद्धानंतर त्यांना परराष्ट्र सेवेतून बाहेर पडावे लागले.

फ्रान्सिस केल्सी यांचे उदाहरण आणखी शांत आणि म्हणूनच अधिक बोलके आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात नव्याने रुजू झालेल्या केल्सी यांच्याकडे १९६० मध्ये थॅलिडोमाइड या औषधाच्या मंजुरीचा अर्ज आला. सुरक्षिततेचा पुरावा अपुरा असल्याचे सांगून त्यांनी कंपनीचा सततचा तगादा सोसत मंजुरी रोखून धरली. पुढे त्या औषधामुळे इतर देशांत हजारो बालके व्यंगांसह जन्मल्याचे उघड झाले. १९६२ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते सन्मानित करण्यात आले. येथे आगही नव्हती आणि बंदूकही नव्हती. एका फाइलीवर सही न करणे एवढेच ते कृत्य होते. हे वीरत्व की उत्तम प्रशासन, यावर मतभेद होऊ शकतो. पहिल्या उत्तरातल्या चार वीरांमध्ये ‘धर्मवीर’ हा प्रकार आहे. धर्म म्हणजे येथे आपल्या जागेचे कर्तव्य असे मानले, तर केल्सी यांना त्यात बसवायला माझी हरकत नाही.

प्रयत्न फसला तर?

तरीही ते वीरकृत्यच असते. हार्विकच्या खाणीत गेलेले ते दोघे परत आले नाहीत, आणि त्यांच्याचमुळे तो निधी निर्माण झाला. मात्र अविचाराने स्वतःबरोबर इतरांचेही प्राण धोक्यात घालणाऱ्याला केवळ त्याचा हेतू चांगला होता म्हणून गौरवू नये, कारण जे गौरवले जाते त्याचे अनुकरण होते.

खेळाडू, कलावंत आणि शास्त्रज्ञ हे वीर आहेत का?

त्यांच्या क्षेत्रातील कामगिरीमुळे नाहीत. सर्वाधिक धावा काढणे किंवा पडद्यावर वीराची भूमिका करणे यासाठी प्रतिभा आणि कष्ट लागतात, आणि त्यांचा सन्मान जरूर व्हावा. पण तो गुणवत्तेचा सन्मान आहे, हे सन्मानपत्रातून स्पष्ट दिसले पाहिजे. ‘आदर्श’ हा शब्दही जपून वापरावा. एका बाबतीत अप्रतिम असलेला माणूस सर्व बाबतींत अनुकरणीय असतो अशी अपेक्षा त्याच्यावर लादणे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे.

याला अपवादही सापडतात. प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत ती प्रथम स्वतःच्या शरीरावर टोचून पाहिली. त्यांचे संशोधन ही विद्वत्ता होती, पण ती पहिली सुई नुसती विद्वत्ता नव्हती. त्याच साथीत सावित्रीबाई फुले पुण्यात रुग्णांची सेवा करता करता स्वतः प्लेगला बळी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. शिक्षणकार्यासाठी त्यांना जे मोठेपण दिले जाते ते योग्यच आहे, पण साहित्यशास्त्रातल्या ‘दयावीर’ या संज्ञेचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे.

ज्यांच्यावर आपत्ती कोसळली, त्या सर्वांना वीर म्हणणे योग्य आहे का?

दुर्घटनेत किंवा हल्ल्यात बळी पडलेल्यांबद्दल ममतेने हा शब्द वापरला जातो, आणि शोकाच्या प्रसंगी कोणी त्यावर वाद घालू नये. तथापि बळी पडणे ही निवड नसते. त्यांना वीर म्हटल्याने कधीकधी एक वेगळाच परिणाम होतो: ज्यांच्या निष्काळजीपणामुळे ते मेले त्यांना जाब विचारणे मागे पडते. बळी पडलेल्यांचे स्मारक अवश्य असावे. त्यावर त्यांची नावे असावीत आणि काय घडले ते खरेखरे लिहिलेले असावे.

कृत्य थोर, पण माणूस तसा नाही. अशा वेळी काय करावे?

या प्रश्नावर ब्रिटनमध्ये व्हिक्टोरिया क्रॉसच्या बाबतीत बराच खल झाला. १८५६ मध्ये सुरू झालेले हे पदक हुद्द्याचा विचार न करता, केवळ शौर्यासाठी दिले जाते. १८६१ ते १९०८ या काळात आठ जणांची पदके नंतरच्या गुन्ह्यांमुळे रद्द करण्यात आली. पुढे राजा पाचवा जॉर्ज याने याला ठाम विरोध केला; खुनासाठी फाशीची शिक्षा झालेल्या माणसालाही वधस्तंभावर आपले पदक मिरवता आले पाहिजे, असे त्याचे मत १९२० मध्ये नोंदवले गेले. भाषा नाट्यपूर्ण असली तरी तर्क पक्का आहे. रणांगणावरचे ते कृत्य घडलेले आहे, आणि पुढे काहीही झाले तरी ते न घडलेले होत नाही.

मात्र हा तर्क कृत्याच्या सन्मानालाच लागू पडतो. पुतळा, इमारतीला दिलेले नाव, नाण्यावरचा चेहरा हे संपूर्ण व्यक्तीचे गौरव असतात, आणि तेथे संपूर्ण व्यक्ती तपासावी लागते. फ्रिट्झ हाबर यांना हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याच्या शोधासाठी १९१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कोट्यवधी लोकांच्या अन्नाशी त्या शोधाचा संबंध आहे. त्याच हाबर यांनी १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधील ईप्र येथे शत्रूवर सोडलेल्या विषारी क्लोरिन वायूच्या वापराची व्यवस्था पाहिली होती. शोधाला दिलेले पारितोषिक समजून घेता येते. पण त्यांच्या नावाने काही उभारताना दुसरे पान उलटून पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सन्मान हयातीत करावा की मरणोत्तर? आणि किती काळ थांबावे?

एका विशिष्ट कृत्याचा सन्मान लवकरात लवकर करावा, आणि संपूर्ण आयुष्याचा सन्मान सावकाश करावा.

पहिल्या भागाचे कारण सर्वांना माहीत आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध असते. जिवंत माणसाची उपेक्षा करून मेल्यावर आरत्या ओवाळण्याची खोड जुनी आहे. शिवाय उशिरामुळे काही सन्मान कायमचे हुकतात. डीएनएच्या रचनेच्या उलगड्यात ज्यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा वाटा होता त्या रोझलिंड फ्रँकलिन १९५८ मध्येच वारल्या, आणि १९६२ चे नोबेल इतर तिघांना मिळाले. महात्मा गांधींना शांततेचे नोबेल कधीच मिळाले नाही. त्यांची हत्या झाली त्या १९४८ साली, योग्य असा कोणी हयात उमेदवार नसल्याचे सांगत, ते पारितोषिक कोणालाच देण्यात आले नाही.

दुसऱ्या भागासाठी पॅरिसमधील पाँतेऑंचा इतिहास वाचावा. १७९१ मध्ये राष्ट्रपुरुषांच्या या स्मारकात सर्वप्रथम फ्रेंच राज्यक्रांतीतील नेते मिराबो यांना स्थान देण्यात आले. पुढे राजाशी असलेले त्यांचे गुप्त संबंध उघडकीस आले आणि १७९४ मध्ये त्यांचे अवशेष बाहेर काढून तेथे क्रांतीतील दुसरे नेते मारा यांना आणण्यात आले. काही महिन्यांतच मारा यांचीही उचलबांगडी झाली. अखेर १७९५ मध्ये, मृत्यूनंतर दहा वर्षे लोटल्याखेरीज हा मान कोणाला देऊ नये, असा आदेश निघाला. दोनदा पाहुणे घराबाहेर काढल्यानंतर सुचलेले ते शहाणपण होते, पण नियम म्हणून तो आजही उत्तम आहे.

पुरावा किती कसून तपासावा?

लोकांना वाटते त्यापेक्षा बराच अधिक. प्राचीन रोममध्ये सहनागरिकाचे प्राण वाचवणाऱ्याला ओकच्या पानांचा मुकुट देत, आणि ज्याचे प्राण वाचले त्याने स्वतः ते मान्य करणे आवश्यक असे. नाझी राजवटीत ज्यूंना वाचवणाऱ्या इतर धर्मीयांना ‘राष्ट्रांमधील सत्प्रवृत्त’ असा गौरव देणारी इस्रायलमधील याद वाशेम ही संस्थाही याच मार्गाने जाते. १९६३ पासून एक समिती प्रत्येक प्रकरण तपासते. वाचलेल्यांची साक्ष किंवा तत्कालीन कागदपत्रे पाहिली जातात. मदत पैशासाठी केली नव्हती ना आणि करणाऱ्याने खरोखर धोका पत्करला होता ना, याची छाननी होते. आतापर्यंत २८ हजारांहून अधिक व्यक्तींना हा गौरव मिळाला आहे.

तपासणी नसली तर काय होते, हे व्हिएतनाममधल्या एका पदकावरून दिसते. १६ मार्च १९६८ रोजी माय लाई येथे अमेरिकन सैनिक निःशस्त्र गावकऱ्यांची कत्तल करीत असताना हेलिकॉप्टर चालक ह्यू थॉम्प्सन यांनी आपले हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्यामध्ये उतरवले आणि काही गावकऱ्यांना वाचवले. त्यांना लगोलग पदक मिळाले, परंतु सोबतच्या मजकुरात चकमकीच्या गोळीबारातून बालकाला वाचवल्याचे लिहिले होते. चकमक झालीच नव्हती. थॉम्प्सन यांनी ते पदक फेकून दिले. खरी हकिकत मान्य करून त्यांना आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना सैनिक पदक देण्यास १९९८ साल उजाडले. त्यांपैकी एक जण माय लाईनंतर काही आठवड्यांतच युद्धात मारला गेला होता. खोट्या मजकुरासह दिलेला सन्मान हा गुन्हा झाकण्याचे साधन ठरू शकतो, म्हणून शिफारशीतल्या विशेषणांपेक्षा घटनाक्रमाकडे अधिक लक्ष द्यावे.

अनेकांनी मिळून केलेल्या कामात एकाचेच नाव का पुढे येते?

कारण लक्षात ठेवायला एक चेहरा सोपा पडतो. २ मार्च १९५५ रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी येथे पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विन हिने बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला आणि तिला अटक झाली. रोझा पार्क्स यांनी तेच केले ते १ डिसेंबरला, म्हणजे नऊ महिन्यांनी. लढ्याच्या नेत्यांनी पार्क्स यांचे नाव पुढे केले, आणि डावपेच म्हणून त्यात काही चूक नव्हते. परंतु बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या खटल्यात कॉल्विन ही वादींपैकी एक होती. लढ्याला प्रतीक लागते. सन्मान करणाऱ्या समितीला मात्र प्रतीकावर थांबण्याची सवलत नसते; आधी कोण होते हे तिने शोधलेच पाहिजे. ज्या मृतांची नावेच कळत नाहीत त्यांच्यासाठी ११ नोव्हेंबर १९२० रोजी लंडनमध्ये अज्ञात सैनिकाला समाधी देण्यात आली, त्याच दिवशी पॅरिसमध्येही अज्ञात सैनिकाचा सन्मान झाला, आणि ती कल्पना पुढे अनेक देशांनी उचलली.

सन्मान सढळ हाताने वाटल्याने काय बिघडते?

वर सांगितलेला ओकचा मुकुट मिळवणारा माणूस खेळांच्या ठिकाणी आला की सिनेटचे सभासदही उठून उभे राहत. इसवी सनपूर्व २७ मध्ये सिनेटने हाच मुकुट रोमचा सत्ताधीश ऑगस्टस याच्या दारावर लावण्याचा मान त्याला दिला, कारण काय तर त्याने सर्वच नागरिकांना वाचवले. एका माणसाला ओढून बाहेर काढल्याबद्दल मिळणारी गोष्ट सत्तेचे चिन्ह बनली.

दुसरे नुकसान अधिक व्यावहारिक आहे. २०२० मध्ये महासाथीच्या काळात अनेक देशांतील लोकांनी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. भावना खरी होती. त्याच सुमारास त्यांतील पुष्कळांना पुरेसे मास्क आणि संरक्षक पोशाख मिळत नव्हते, आणि ‘आम्हाला वीर म्हणू नका, साधने द्या’ या आशयाचे बोल ठिकठिकाणी ऐकू आले. वीराने तक्रार करायची नसते असा एक अलिखित समज असतो. तो ज्याच्या सोयीचा आहे, तोच हा शब्द सर्वात मोठ्याने उच्चारतो. वेतन, विमा आणि कुटुंबाची तरतूद ही देणी आहेत, आणि त्यांच्या जागी सन्मानचिन्ह देता येत नाही. कार्नेगी निधी पदकाबरोबर आर्थिक साहाय्यही देतो आणि प्राण गमावलेल्यांच्या अवलंबितांचा विचार करतो, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य आहे.

दिलेला सन्मान परत घ्यावा का? जुने पुतळे काढावेत का?

सन्मान देताना जी माहिती दडवली गेली ती पुढे उघड झाली, तर परत घेण्यास हरकत नसावी. वर्तन नंतर बदलले असेल, तर प्रश्न कठीण होतो. म्यानमारच्या आँग सान सू ची यांना दिलेले काही सन्मान २०१७-१८ मध्ये परत घेण्यात आले, कारण रोहिंग्यांवरील अत्याचारांच्या वेळी त्या गप्प राहिल्याचा आक्षेप होता. नोबेल मात्र तसेच राहिले, कारण ते मागे घेण्याची तरतूदच नियमांत नाही. माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे, पण तो अशा सन्मानांपुरता, जे एका निश्चित कार्यासाठी दिलेले आहेत.

पुतळ्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण पुतळा रोज नव्याने सन्मान करीत उभा असतो. ब्रिस्टलमध्ये एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा त्याच्या मृत्यूनंतर १७४ वर्षांनी, १८९५ मध्ये उभारण्यात आला. म्हणजे तो कोल्स्टनच्या काळापेक्षा उभारणाऱ्यांच्या काळाचाच पुरावा अधिक होता. जून २०२० मध्ये जमावाने तो बंदरात ढकलला, आणि नंतर तो संग्रहालयात ठेवण्यात आला. बुडापेस्टने साम्यवादी काळातले पुतळे १९९३ मध्ये शहराबाहेरच्या एका उद्यानात एकत्र मांडले. जमावाच्या हातून होण्याआधी, सनदशीर मार्गाने आणि कारणे लेखी नोंदवून पुतळ्याची जागा बदलणे हा उत्तम मार्ग आहे. फोडून टाकल्याने आपण कोणाला पुजत होतो याचीही नोंद जाते.

ज्याला सन्मान नको असेल त्याचे काय?

त्याची इच्छा मानावी, आणि नकाराचे कारण ऐकून घ्यावे. १९७३ मध्ये उत्तर व्हिएतनामचे नेते ले डुक थो यांनी शांततेचे नोबेल नाकारले, कारण व्हिएतनाममध्ये शांतता प्रत्यक्षात आलीच नव्हती. युद्ध त्यानंतरही १९७५ पर्यंत चालले.

सन्मानपत्रात किंवा फलकावर काय लिहावे?

नाव, तारीख, ठिकाण, काय घडले आणि त्या व्यक्तीने काय केले, एवढे पुरे. ‘थोर’, ‘अद्वितीय’, ‘अजरामर’ ही विशेषणे कोणालाही लागू पडतात, म्हणून ती कोणाचीच ओळख करून देत नाहीत. लंडनमधल्या पोस्टमन्स पार्क या छोट्या बागेत चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स यांच्या पुढाकाराने १९०० मध्ये उभी राहिलेली एक भिंत आहे. दुसऱ्याला वाचवताना मरण पावलेल्या सामान्य माणसांसाठी तिच्यावर चिनी मातीच्या फरशा बसवल्या आहेत. प्रत्येक फरशीवर दोन-चार ओळी आहेत: कोण, काय काम करीत होता, कोणाला वाचवताना, कोणत्या दिवशी. मोलमजुरी करणाऱ्यांची आणि मुलांचीही नावे तेथे आहेत. १८८५ मध्ये जळत्या घरातून आपल्या बहिणीच्या मुलींना खाली उतरवताना प्राण गमावलेल्या ॲलिस एअर्स यांचेही नाव आहे. आयुष्यभर त्या माणसांनी आणखी काय केले, ते चांगले होते की वाईट, याबद्दल फरशांवर काहीही लिहिलेले नाही.